सर्व्हरवरील पहारा व आपोआप होणारे उपाय

दहावीच्या निकालाच्या दिवशीं दुपारीं महाराष्ट्रांतील लाखों घरांत एकाच वेळीं एकच पान उघडण्याची धडपड चाललेली असते. पान उघडेनासें झालें म्हणजे मुलगा फोन वडिलांच्या हातीं देतो, वडील तो परत मुलाच्या हातीं देतात, आणि आई स्वयंपाकघरांतून "लागला का?" म्हणून विचारीत राहते. त्या पानाच्या पाठीमागें दूर कोठें तरी एका थंड ठेवलेल्या दालनांत कांहीं संगणक अखंड राबत असतात. मागणाऱ्यास मागेल तें पान पुरविणें हें ज्यांचें काम, त्या संगणकांस सर्व्हर म्हणतात. असा एखादा सर्व्हर अडला किंवा बंदच पडला, तर माणूस धांवून येण्यापूर्वीं यंत्रानेंच त्यावर उपाय करावा अशी व्यवस्था कशी लावितात, हें येथें सांगण्याचा विचार आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहींचीं वडील भावंडें हेंच काम पुण्यामुंबईस रात्रपाळीनें करीत असतील. रात्रीं दोन वाजतां त्यांचा फोन कां खणखणतो, याचाही उलगडा घरच्या मंडळींस यावरून होईल.

पूर्वीं गांवांत जागल्या रात्रभर फिरून हांक देत असे. सर्व्हरांच्या बाबतींत हें काम एक निराळा संगणक करितो. दर कांहीं मिनिटांनीं तो प्रत्येकास विचारतो: मागितलेलें पान देतोस का? साठवणुकीची जागा किती उरली? कामाचा भार किती चढला? या देखरेखीसाठीं जे प्रोग्रॅम प्रसिद्ध आहेत, त्यांत नॅगिऑस हा जुना व समजावयास सोपा आहे. ईथन गालस्टॅड यांनीं तो १९९९ सालीं नेटसेंट या नांवानें प्रसिद्ध केला. सेंट म्हणजे संत. पुढें नांवाच्या हक्काबद्दल तंटा उपस्थित झाल्यामुळें तें बदलावें लागलें, तेव्हां "आम्ही आतां संतपणाचा आग्रह धरणार नाहीं" अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचीं आद्याक्षरें जुळवून नॅगिऑस हें नांव सिद्ध करण्यांत आलें. गंमत अशी कीं, त्या नव्या नांवांत संत या अर्थाचा ग्रीक शब्द पुन्हा दडलेला आहेच! असो.

प्रश्न विचारण्याचें प्रत्यक्ष काम लहान लहान स्क्रिप्ट करितात. स्क्रिप्ट म्हणजे संगणकानें एकामागून एक पाळावयाच्या आज्ञांची लिहून ठेवलेली यादी. नॅगिऑसचा नियम असा कीं, प्रत्येक स्क्रिप्टनें काम संपतांना चारांपैकीं एक आंकडा परत द्यावा. शून्य म्हणजे सर्व ठीक. एक म्हणजे सावध. दोन म्हणजे स्थिति गंभीर. आणि तीन म्हणजे कळत नाहीं. साठवणुकीची जागा शेंकडा ऐशीं भरली तर एक द्यावा, नव्वद भरली तर दोन द्यावा, असें लिहिणारा ठरवूं शकतो. परंतु जागा मोजतांच आली नाहीं तर काय द्यावें? येथें तीनच दिला पाहिजे. नवशिके लेखक या तिनाकडे हटकून दुर्लक्ष करितात. उत्तर आलें नाहीं म्हणजे समोरचा मेलाच, असें धरून चालतात. समोरचा मेला आहे, कीं मलाच ऐकूं येत नाहीं, हा फरक ओळखणें सोपें नाहीं. तो न ओळखल्यास काय किंमत द्यावी लागते, तें पुढें येईलच.

आतां उपायाकडे वळूं. बिघाड दिसतांच चालवावयाची निराळी स्क्रिप्ट नॅगिऑसला नेमून देतां येते. त्याच्या माहितीपुस्तकांत एक नमुना दिला आहे, तो मनन करण्याजोगा आहे. पान देणारा प्रोग्रॅम बंद पडल्याचें दिसलें, तर ही स्क्रिप्ट पहिल्या वेळीं कांहींच करीत नाहीं. दुसऱ्या वेळींही थांबते. सलग तिसऱ्या तपासणींत तोच बिघाड आढळला, तरच ती त्या प्रोग्रॅमला पुन्हा सुरू करिते. त्यानेंही भागलें नाहीं, तर चौथ्या तपासणीनंतर बिघाड पक्का ठरतो आणि माणसास हांक जाते. त्या क्षणीं स्क्रिप्ट आणखी एकदां, शेवटचा, प्रयत्न करून पाहते. पुढें बिघाड तसाच राहिला तरी ती पुनःपुन्हा हात घालीत बसत नाहीं.

इतका धीर कां? जाळ्यांतील क्षणभराच्या अडथळ्यामुळें एखादें उत्तर हुकणें ही नित्याची गोष्ट आहे. तेवढ्यावरून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावयाचा म्हणजे त्या वेळीं जे शेंकडों लोक अर्धा अर्ज भरून बसले असतील त्यांचें काम धुळीस मिळवावयाचें. उलट फार वेळ थांबावें तर बाहेर रांग वाढत जाते. तीन हा आंकडा कांहीं पवित्र नव्हे. प्रत्येक सर्व्हरचें काम पाहून लिहिणाऱ्यानें तो स्वतः ठरवावयाचा असतो. तयार स्क्रिप्ट पुष्कळ मिळतात, तरी आपली आपण लिहावी लागते ती याचसाठीं.

एक उदाहरण घेऊं. सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची नोंद फाइलींत लिहीत असतो. ह्या नोंदी सांचून सांचून जागा भरते व सर्व्हर अडतो. तेव्हां जुन्या नोंदी पुसून टाकणारी स्क्रिप्ट लिहावी, हें कोणासही सहज सुचेल. परंतु पहिली अडचण अशी कीं, चालू प्रोग्रॅमनें जी फाइल उघडून धरली आहे ती पुसली तरी युनिक्सच्या पद्धतीच्या संगणकांवर जागा लगेच मोकळी होत नाहीं. प्रोग्रॅम तिला सोडीपर्यंत ती अडकलेलीच राहते. स्क्रिप्ट "पुसलें" म्हणून सांगते, पहारेकरी "जागा भरलेलीच" म्हणून ओरडतो, आणि स्क्रिप्ट आणखी कांहीं तरी पुसावयास निघते!

दुसरी अडचण याहून भयंकर. "अमक्या कप्प्यांतील सर्व कांहीं पुस" अशी आज्ञा लिहितांना कप्प्याचें नांव बहुधा आधीं शोधून एका खुणेंत ठेवितात. तें नांव सांपडलें नाहीं व खूण रिकामीच राहिली, तर आज्ञेचा अर्थ "मुळापासून सर्व कांहीं पुस" असा होऊन बसतो. ही केवळ कल्पना नव्हे. जानेवारी २०१५ मध्यें स्टीम या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्यें नेमका हाच दोष उघडकीस आला. ज्यानें आपला कप्पा दुसरीकडे हलविला होता, त्याच्या स्वतःच्या फाइली, जोडलेल्या तबकडीवरील साठ्यासकट, पुसल्या गेल्या. लिहिणाऱ्यास धोक्याची जाणीव नव्हती असें नाहीं. त्या ओळीच्या वर "भीतिदायक" अशा अर्थाचा शेरा त्यानें स्वतःच लिहून ठेविला होता. रिकामी खूण आढळतांच स्क्रिप्टनें थांबावें, अशी आज्ञा आरंभींच घालण्यास एक ओळ पुरते. शेरा लिहिण्यास जेवढा वेळ लागला, तेवढ्यांत ती लिहून झाली असती.

याशिवाय लहानसहान पथ्यें आहेत. एकच स्क्रिप्ट एकाच वेळीं दोनदां चालूं नये म्हणून ती सुरू होतांच दाराला कडी घालावी. तिला वेळेची व तासांतून किती वेळां चालावें याची मर्यादा असावी. काय पाहिलें व काय केलें हें तिनें लिहून ठेवावें. नवी स्क्रिप्ट आधीं कांहीं दिवस "मी असें केलें असतें" एवढेंच सांगणारी ठेवावी; त्या नोंदी वाचून लिहिणाऱ्याची जी फजिती होते ती अंगास न लागतां पदरांत पडते, हा मोठाच लाभ होय.

परंतु सर्व्हर एकाचे शेंकडों झाले म्हणजे हीं पथ्यें पाळूनही निभावत नाहीं. रेडिट या लोकप्रिय संकेतस्थळावर गर्दीप्रमाणें सर्व्हरांची संख्या कमीअधिक करणारा एक प्रोग्रॅम होता. ११ ऑगस्ट २०१६ रोजीं तेथील अभियंते सर्व्हरांची मुख्य यादी नव्या जागीं हलवीत होते. अर्धवट यादी वाचून या प्रोग्रॅमनें घोटाळा करूं नये म्हणून त्यांनीं तो मुद्दाम बंद केला. हें शहाणपणाचेंच झालें. पण सर्व प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणें चालू आहेत ना, हें पाहणारी दुसरी एक स्वयंचलित व्यवस्था तेथें होती. हा बंद दिसतांच तिनें आपलें कर्तव्य बजावून तो सुरू केला. त्यानें अर्धी यादी वाचली, व १६ सेकंदांत पुष्कळ सर्व्हर बंद करून टाकिले. संकेतस्थळ सुमारें दीड तास बंद होतें. माणसानें हेतुपूर्वक केलेली गोष्ट व बिघाड यांतील भेद त्या दुसऱ्या यंत्रास कोणीं शिकविलाच नव्हता.

गिटहबची हकीकत तर अधिक बोधक आहे. प्रोग्रॅम लिहिणारे जगभरचे लोक आपलें लेखन जेथें ठेवितात ती ही मोठी वखार. २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं बिघडूं लागलेलें उपकरण बदलण्याचें नेहमींचें काम चालू असतां अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांचें जाळ्याचें केंद्र व तेथील मुख्य दालन यांमधील संबंध तुटला. तो ४३ सेकंदांत पूर्ववत् झाला. परंतु ऑर्केस्ट्रेटर नांवाचा प्रोग्रॅम तेथें पहाऱ्यावर होता. मुख्य माहितीसाठा उत्तर देईनासा झाला, तर दुसऱ्यास मुख्य नेमावें ही त्याची कामगिरी. त्याचे निरनिराळ्या ठिकाणचे जोडीदार बहुमतानें निर्णय घेत. पूर्वेकडून उत्तर येत नाहीं असें पाहून त्यांनीं पश्चिम किनाऱ्यावरील साठ्यांस मुख्य नेमिलें.

पूर्वेकडील दालन मेलें नव्हतें. त्याचा आवाज तेवढा पोंचत नव्हता. तेथें शेवटच्या कांहीं क्षणांत लिहिलेल्या नोंदी पश्चिमेस गेल्याच नव्हत्या. इकडे पश्चिमेकडील साठ्यांनीं सुमारें ४० मिनिटें नव्या नोंदी स्वीकारल्या. एकाच दुकानाच्या दोन खतावण्या झाल्या, व दोहोंतही दुसरींत नसलेल्या नोंदी! एक फाडून टाकावी तर कोणाचें तरी लेखन कायमचें बुडणार. अत्यंत गजबजलेल्या एका साठ्यांत अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. तेथील मंडळींनीं कांहीं सेवा आपण होऊन थांबविल्या, लोकांचा रोष पत्करिला, आणि आधीं लोकांची माहिती वांचविण्याचें ठरविलें. जुन्या प्रतींवरून साठे पुन्हा उभारून सर्व सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटें लागलीं.

ऑर्केस्ट्रेटरनें आज्ञाभंग केला नव्हता. नेमून दिल्याप्रमाणेंच तो वागला. पश्चिमेस मुख्य साठा गेल्यास पूर्वेकडील प्रोग्रॅमांस प्रत्येक प्रश्नासाठीं अवघा देश ओलांडावा लागेल व तें त्यांस झेपणार नाहीं, एवढें मात्र त्याच्या नियमांत कोठें लिहिलेलें नव्हतें. नंतर गिटहबच्या अभियंत्यांनीं सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. मुख्य साठ्याची नेमणूक एका प्रदेशाची सीमा ओलांडून दुसऱ्या प्रदेशांत करण्यास ऑर्केस्ट्रेटरला मनाई करण्याचें त्यांत ठरलें. त्याच प्रदेशाच्या आंत असा बदल करणें सामान्यतः निर्धोक असतें, असेंही त्यांनीं तेथें नमूद करून ठेविलें आहे.