मुडदुसाचा मागोवा
वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेत कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार पुरेसे बसले नाहीत, तर हाड मऊ राहते, मनगटे फुगतात आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे पाय त्याच्याच भाराने धनुष्यासारखे वाकतात. या विकाराला मराठीत मुडदूस म्हणतात. फ्रान्सिस ग्लिसन यांनी इंग्लंडमध्ये १६५० साली त्याचे सविस्तर वर्णन केले, तरी कारण उमगायला पुढे पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण मुलाच्या एकाच हातावर पाडले असता क्ष-किरण चित्रात दोन्ही हातांची हाडे भरून येताना दिसली, यावरून त्वचेत तयार झालेले एखादे द्रव्य रक्तावाटे सर्वत्र पोहोचते हे सूचित झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखवला आणि १९२२ मध्ये मॅक्कॉलम यांनी त्यातील घटक वेगळा ओळखला, तोच ‘ड’ जीवनसत्त्व होय. मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी नाशिक शहरातील हचिसन व पटेल यांची पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांत मुडदूस आढळत होता, तर दिवसभर उन्हात वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत, अन्न निकृष्ट असूनही, तो क्वचितच दिसे.

परिस्थितीचा वाटा असा स्पष्ट झाल्यावरच ऊन आणि तेल दोन्ही मिळूनही बरी न होणारी मुले वेगळी ओळखता येऊ लागली, आणि आनुवंशिकतेचा शोध खऱ्या अर्थाने या अपवादांपासूनच सुरू झाला. १९३७ मध्ये फुलर अल्ब्राइट यांनी जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रेलाच दाद देणाऱ्या एका मुलाची नोंद केली. १९५८ मध्ये विंटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील फॉस्फेट कमी असण्याचा हा दोष ‘एक्स’ गुणसूत्रावरून पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे बाधित पित्याकडून सर्व मुलींना मिळतो, पण मुलग्यांना मिळत नाही, हे दाखवले. त्यामागचे ‘फेक्स’ जनुक १९९५ मध्ये सापडले. या जनुकात बिघाड असला की हाडांतील पेशी ‘एफजीएफ-२३’ हे संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात सोडतात आणि त्याच्या आज्ञेने मूत्रपिंड हाडांना हवे असलेले फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकते. त्या संप्रेरकालाच अडवणारे बुरोसुमॅब हे औषध २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्य झाले.