सहाव्या वर्षाची दाढ

मुद्दल आणि व्याज यांतील भेद व्यापारी घरातील मुलांना लहानपणीच समजतो. दातांच्या बाबतीत मात्र तो मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. “दुधाचे दात आहेत, पडतील आणि नवे येतील,” असे म्हणून मुलाच्या दाढेवरील काळ्या ठिपक्याकडे दुर्लक्ष होते. तो ठिपका पुष्कळदा दुधाच्या दाढेवर नसतोच.

साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता चार नव्या दाढा उगवतात. त्या कायमच्या असतात. गेल्या तर पुन्हा येत नाहीत. दुसऱ्या चार बाराव्या वर्षाच्या सुमारास येतात. दाढेच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोहोचत नाही. आपल्या शेगावची कचोरी असो की गल्ल्याजवळच्या बरणीतील गोळी, तिचे कण तेथे अडकतात. जंतू ते आंबवून आम्ल तयार करतात आणि दात किडू लागतो.

या खाचा कीड लागण्यापूर्वीच बुजवण्याच्या उपायास ‘सीलंट’ म्हणतात. दंतवैद्य दाढ स्वच्छ करून तिच्यावर सौम्य आम्लाचा लेप काही सेकंद लावतात, मग ती धुऊन कोरडी करतात. नंतर पातळ राळ खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. सुई नाही, दात कोरणे नाही. काही मिनिटांत काम होते. आम्लाने दाताचा पृष्ठभाग किंचित खरबरीत केला की राळ पक्की चिकटते, हे अमेरिकेतील डॉ. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. या पद्धतीचा पाया तोच. तेथील रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार सीलंटमुळे दाढांची ८० टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते, तर चार वर्षांपर्यंत ५० टक्के.

तथापि सीलंट म्हणजे अभय नव्हे. दोन दातांमधील फटींना त्याचे संरक्षण नसते. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा ब्रश करणे सुटत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्रभर दात अन्नापासून मुक्त राहतात, हा लाभच. परंतु सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर मुलांचे दात त्याच वेळी घासले गेले, तरच तो पदरी पडतो. सीलंटचा थर झिजला वा निघाला नाही ना, हे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यात शाळेत होणाऱ्या तपासणीत दातही पाहिले जातात. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये. मूल सहा-सात वर्षांचे असेल, तर आजच उजेडात त्याचे तोंड उघडून शेवटची दाढ पाहावी आणि दंतवैद्यांना सीलंटविषयी विचारावे. एकदा कीड खोल गेली की हा स्वस्त मार्ग बंद होतो. मग उरतात वेदना आणि मोठा खर्च.