‘त्रिस्ताना’ : कादंबरीचा काळ आणि चित्रपटाचा काळ

कादंबरीवरून चित्रपट तयार होतो तेव्हा मूळ कृतीतील काय राखले व काय गाळले, एवढ्याच प्रश्नाकडे बहुधा लक्ष दिले जाते. कथानकाचा काळच पालटला असता त्याच घटनांना कोणता नवा अर्थ येतो, हा प्रश्न मात्र अधिक मूलगामी आहे. स्पॅनिश कादंबरीकार बेनितो पेरेस गाल्दोस (१८४३–१९२०) यांची ‘त्रिस्ताना’ (१८९२) ही कादंबरी आणि दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांनी तिच्यावरून काढलेला त्याच नावाचा चित्रपट (१९७०) यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

कादंबरी माद्रिदमध्ये घडते. दोन लोपे हा उतारवयातील, खानदानी वळणाचा गृहस्थ. मित्राला कर्जातून सोडविण्यासाठी तो आपली मालमत्ता वेचतो. परंतु त्याच मित्राची मुलगी त्रिस्ताना पोरकी होऊन आश्रयास आली असता तिला भ्रष्ट करतो. पुरुषांशी वागताना अब्रूचे नियम काटेकोरपणे पाळणारा हा मनुष्य स्त्रियांच्या बाबतीत कोणताच नियम मानीत नाही. त्रिस्तानाला स्वकष्टावर, स्वतंत्रपणे जगावयाचे आहे. पण विवाह, रंगभूमी आणि लज्जास्पद मानला गेलेला तिसरा मार्ग यांपलीकडे स्त्रीला वाट नाही, असे मोलकरीण सातुर्ना तिला बजावते. ओरासिओ या तरुण चित्रकारावर तिचे प्रेम जडते. तथापि दुखण्यामुळे तिचा एक पाय कापावा लागतो, प्रियकर दुरावतो आणि अखेर ती दोन लोपेशीच विवाहबद्ध होते. ती दोघे सुखी झाली काय, याचे निश्चित उत्तर गाल्दोस देत नाहीत. स्त्रीस्वातंत्र्याचा विषय हाती घेऊन लेखकाने तो अर्ध्यावर सोडला, असा आक्षेप एमिलिया पार्दो बासान या लेखिकेने १८९२ मध्येच घेतला होता.

बुन्युएल यांनी हे कथानक तोलेदो या प्राचीन नगरात आणि १९२९ ते १९३५ च्या सुमारास आणून ठेवले. हा बदल केवळ वेशभूषेचा नव्हे. स्पेनमध्ये १९३१ साली प्रजासत्ताक स्थापन झाले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने स्त्रियांना मताधिकार दिला आणि १९३२ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. कादंबरीतील त्रिस्तानासाठी जे द्वार अस्तित्वातच नव्हते, ते चित्रपटाच्या काळात उघडत होते. दोन लोपेच्या घरात मात्र या परिवर्तनाचा वाराही शिरत नाही. पोलीस आणि धर्मगुरू यांच्याविरुद्ध बोलणारा हा मुक्त विचारांचा मनुष्य उंबरठ्याच्या आत हुकूमशहाच राहतो. उतारवयात बहिणीचा वारसा मिळाल्यावर तर तो त्याच धर्मगुरूंबरोबर चॉकलेट पीत बसतो, आणि बाहेरच्या मार्गिकेत त्रिस्ताना कुबड्यांवर येरझाऱ्या घालीत असते.

कादंबरीतील शरणागतीच्या जागी चित्रपटात द्वेष का येतो, याचा उलगडा येथे होतो. बाहेर मुक्ती शक्य असता आत ती नाकारली जाते, तेव्हा सोशिकपणाला आधार उरत नाही. हिवाळ्याच्या रात्री दोन लोपे अत्यवस्थ होतो. त्रिस्ताना डॉक्टरांना दूरध्वनी करण्याचे केवळ सोंग करते आणि मग थंड हवा आत यावी म्हणून खिडकी उघडते. नव्या काळाने घरात आणलेले साधनच येथे सूडाचे साधन बनते. गाल्दोस यांच्या काळच्या घरात हा प्रसंग घडलाच नसता.

बुन्युएल यांचा ‘विरिदियाना’ (१९६१) स्पेनमध्ये बंदीत असतानाच, फ्रँकोच्या राजवटीत, ‘त्रिस्ताना’चे चित्रीकरण तोलेदोत झाले. त्या राजवटीने घटस्फोटाचा कायदा १९३९ मध्ये रद्द केला होता; तो पुन्हा आला १९८१ मध्ये. म्हणजे १९७० च्या स्पॅनिश प्रेक्षकापुढे जो भूतकाळ उभा राहिला, तो कायद्याच्या दृष्टीने त्याच्या वर्तमानाहून पुढे होता. कादंबरीत जे द्वार अद्याप उघडलेले नव्हते, ते उघडून पुन्हा बंद झालेले त्या प्रेक्षकाने पाहिले होते. कथानक चार दशके पुढे नेल्याने मूळ कृतीशी प्रतारणा झाली नाही; गाल्दोस यांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न अधिक कठोरपणे पुन्हा विचारला गेला.