इंग्रजीच्या खाचाखोचा, भाग ७ : कुलूप लावायचं आणि लावल्याचं

‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ असं कोणी बजावलं, तर कुलूप अजून लागायचं आहे. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ असं कोणी म्हणालं, तर ते लागलेलं आहे. निदान बोलणाऱ्याची तशी खात्री आहे. क्रियापदं दोन्हीकडे तीच. एकीकडे ‘टू लॉक’ हे इन्फिनिटिव्ह आलं, दुसरीकडे ‘लॉकिंग’ हे जेरंड, आणि तेवढ्यानं व्हायचं काम होऊन गेलं.

शाळेत हे प्रकरण याद्यांच्या वाटेनं येतं. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’ यांच्यापुढे ‘टू’. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे ‘आयएनजी’. याद्यांना नाकं मुरडण्याचं कारण नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा नुसता अर्थ सांगून भागत नाही, त्या क्रियापदामागून काय येतं तेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. १९४२ साली तोक्योत निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांचे असे साचे दिलेले होते. पुढे तो ऑक्सफर्डनं काढला; आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसणारा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश त्याच घराण्यातला.

तरीही यादीमागे थोडा इतिहास आहे. ‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द. जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाला जोडला जाई तो बहुतेक वेळा हेतू सांगण्यासाठी. ‘आयएनजी’चा पूर्वज मात्र क्रियेचं सरळ नाम बनवणारा प्रत्यय होता. म्हणून इच्छा, आशा, निर्णय अशा पुढे बघणाऱ्या क्रियापदांना ‘टू’ मानवतो. जे अनुभवलं, टाळलं किंवा संपवलं त्याला जेरंड.

हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. ‘मॅनेज टू’ म्हणताना काम बहुधा पार पडलेलं असतं. ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ तर भविष्याबद्दलच बोलतात, पण हट्टानं ‘आयएनजी’ मागतात. अशा वेळी मुकाट्यानं यादीकडे वळावं.

मराठी माणसाला मात्र एक फायदा आहे आणि वर्गात तो क्वचितच वापरला जातो. कुलूप ‘लावायचं’ लक्षात ठेवणं आणि ‘लावल्याचं’ आठवणं हा भेद मराठीत आयता आहे. ‘रिग्रेट’ला हीच कसोटी लावून पाहावी. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे अर्ज नाकारणाऱ्या पत्रातलं ‘कळवण्यास खेद वाटतो’. वाईट बातमी त्याच्या पुढच्याच ओळीत. ‘ट्राय’चं मराठी रूप तर फारच नेमकं आहे. अडकलेल्या खिडकीशी झटापट चालली असेल तर ‘ट्राय टू ओपन’, उघडायचा प्रयत्न. खोलीत उकडतंय म्हणून सल्ला द्यायचा असेल तर ‘ट्राय ओपनिंग द विंडो’, उघडून बघ. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्यानं ती सोडली. इथली चूक घरच्यांना चांगलीच महागात पडेल.

पण मराठीच कधी गोत्यातही आणते. ‘पोहायला आवडतं’ मधला ‘-यला’ मनात ‘टू’ होऊन बसतो आणि तोंडून ‘आय एन्जॉय टू स्विम’ निघतं. ‘लाइक’ला दोन्ही रूपं चालतात, ‘एन्जॉय’ला नाही.

नोकरीच्या अर्जातली हमखास चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाहीच. त्याच्यापुढे ‘युअर रिप्लाय’ ठेवून पाहिलं तर वाक्य सुखरूप राहतं. म्हणजे त्या जागी नामच हवं, आणि क्रियापद येणार असेल तर नामाच्या वेषात, ‘मीटिंग यू’ होऊन.

‘युज्ड टू’मध्ये तर दोन्ही जातीचे ‘टू’ भेटतात. ‘आय युज्ड टू लिव्ह अलोन’ म्हणजे पूर्वी एकटा राहायचो. ‘आय ॲम युज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे एकटं राहायची सवय आहे. पहिलं वाक्य बोलणाऱ्याच्या घरी आता बहुधा आणखी कोणीतरी आहे. दुसऱ्याकडे मात्र स्थळ सुचवणाऱ्यांनी जरा विचार करून जावं.