मालिकांच्या वाड्यातली गडीमाणसं

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव पेशवे जीव मुठीत धरून काकांच्या, राघोबादादांच्या दालनाकडे धावले. त्यांनी काकांना घट्ट मिठी मारली. ती सोडवून पुतण्याला ओढून काढणारा तुळाजी पवार हा दादांचा नोकर. आणि हातात शस्त्र नसताना धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा, त्याच्यासोबत वार झेलत मेलेला चापाजी टिळेकर हाही नोकरच. त्या दुपारी वाड्यात अकरा जण मारले गेले. त्यांत दोन कुणबिणी, म्हणजे वाड्यातल्या दासी, होत्या.

या दिवसाचं मराठी मनात काय उरलं? दादांच्या पत्नी आनंदीबाई आणि त्यांच्या नावावर सांगितला जाणारा ‘ध’चा ‘मा’. चापाजी मोजक्यांना ठाऊक आहे आणि त्या दोघी कुणबिणी कुणाच्या खिजगणतीतही नाहीत. आपल्या ऐतिहासिक मालिकांनी हीच विस्मृती घरोघरी पोचवली, असं माझं मत आहे.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका १९८७ मध्ये दूरदर्शनवर आली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणींचे थोरले माधवराव, मृणाल देवांच्या रमाबाई. संयत बोलणं, मोजकं नेपथ्य आणि माणसांच्या मनाला दिलेली जागा यांमुळे ती आजही आठवते. पुढे खाजगी वाहिन्या आल्या. २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’, २०१२ मध्ये रमाबाई रानड्यांच्या जीवनावरची ‘उंच माझा झोका’, २०१७ मध्ये ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, २०१९ मध्ये ‘स्वामिनी’ आणि ‘स्वराज्यजननी जिजामाता’. भांडवल वाढलं, दागिने वाढले, सदर आणि देवघर भव्य झालं. मुदपाकखाना मात्र पडद्यामागेच राहिला.

या मालिकांत चाकराला दोनच भूमिका मिळतात. एक तर तो जीव ओवाळून टाकणारा स्वामिनिष्ठ, नाहीतर दाराआडून कान देणारा फितूर. शिवा काशीद पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरा जातो, जिवा महाला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार अडवतो. हे प्रसंग अंगावर काटा आणतात आणि आणायलाच हवेत. पण त्या प्रसंगाच्या आधी शिवा काशीद कसा जगत होता, त्याच्या घरी चूल कशी पेटत होती, त्याच्या मागे कुणी पदर डोळ्यांना लावला, याला मालिका चार मिनिटं देत नाहीत. चाकराला मरण मिळतं, आयुष्य मिळत नाही.

एक सन्माननीय अपवाद सांगायला हवा. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. तान्ह्या संभाजीराजांना दूध पाजलं ते कापूरहोळच्या धाराऊंनी. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये धाराऊंना प्रेम करण्याचा, काळजीनं झुरण्याचा आणि प्रसंगी राजाला बोलण्याचाही अधिकार मिळाला. प्रेक्षकांनी ते पात्र आपलं मानलं. म्हणजे प्रेक्षकाला गडीमाणसं नकोत, ही सबब खोटी ठरते.

साहित्य कमी आहे, हीही सबब चालणार नाही. मराठेशाहीत अठरा कारखान्यांची व्यवस्था होती. अंबरखाना, फीलखाना, फरासखाना, जामदारखाना अशा प्रत्येक खात्यात माणसं राबत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात पगार, बक्षिसं, कापड, धान्य यांच्या नोंदी आहेत. कुणबिणींची खरेदी-विक्री आणि त्यांच्या किमतीही मराठेशाहीच्या कागदांत सापडतात. ज्या वाड्यात रमा-माधवाची प्रीत फुलली, त्या वाड्याच्याच व्यवस्थेत विकत घेतलेल्या बायका पाणी भरत होत्या. ही गोष्ट सांगितल्यानं पेशवाईचा अपमान होत नाही. तिचं चित्र पुरं होतं.

चाकरांची गोष्ट पडद्यावर सांगण्याचं हे काम इंग्रजांनी आधी केलं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या मालिकेची कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. मार्शनं स्वतः मोलकरणीची भूमिका केली. लंडनमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मालक, तळघरात नोकर आणि दोघांच्याही सुखदुःखाला सारखं वजन. २०१० ते २०१५ या काळात ‘डाउन्टन ॲबी’नं तीच वाट जगभर नेली. तिथले उमराव हायक्लेअर कॅसल या खऱ्या गढीत वावरत होते. नोकरांचं स्वयंपाकघर आणि खोल्या मात्र ईलिंगच्या स्टुडिओत उभारल्या होत्या. त्या मालिकेतलं धनी-चाकराचं नातं फार गोड आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी तिथल्या आचारणीला नाव आहे, मत आहे, म्हातारपणाची चिंता आहे.

आपल्या मालिकांचा वाडा पुणे-साताऱ्यापलीकडे फारसा सरकलाही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला या. मोगल काळात महंमदखान नियाझी या सरदाराला हा परगणा जहागिरीत मिळाला. त्याची आणि त्याच्या घराण्यातल्या अहमदखानाची कबर असलेल्या घुमटांच्या वास्तू गावात आहेत. पुढे या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, मग इंग्रजी अमदानीतली मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी. मालगुजाराचा वाडा, बैठकीत दिवाणजी, गोठ्यात गडी आणि पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला वर्षाच्या बोलीवर ठरणारा सालदार. १९५१ मध्ये मालगुजारी कायद्यानं संपली, सालदारी पुढेही चालत राहिली. विदर्भातल्या वाड्याची पडझड महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’नं रंगभूमीवर अजरामर केली. त्या वाड्यांच्या मागच्या दारानं येणाऱ्या-जाणाऱ्यांची मालिका अजून व्हायची आहे.

आणि याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’च्या आंदोलनात लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात गावकरी पडले, खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आष्टी-चिमूर प्रकरणातल्या फाशीच्या शिक्षा देशभरातून उठलेल्या आवाजानंतर जन्मठेपेत बदलल्या. गाव आज आष्टी (शहीद) म्हणून ओळखलं जातं, ते त्या जहागीरदारामुळे नव्हे, त्या दिवशी ठाण्यावर गेलेल्या साध्या माणसांमुळे. पिढ्यानपिढ्या हुकूम ऐकणारी माणसं एके दिवशी हुकूम मोडायला कशी उभी राहतात? कालपटाला याहून मोठं कथाबीज कोणतं हवं?

२०२० मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांवरची ‘सावित्रीजोती’ आली आणि पुरेशा प्रेक्षकांअभावी वर्षभरात संपली. चांगल्या मालिकेला आपण बघणाऱ्यांनीही साथ द्यावी लागते, हा त्यातला धडा. लेखकांनी दप्तरं उघडावीत, वाहिन्यांनी राण्यांच्या नथींवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा संशोधनाला द्यावा. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या वाड्यात राबलेल्या कुणाची हकीकत घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, तर या दिवाळीत ती नावानिशी लिहून ठेवा.