विजासनचा अंधार आणि आपली आखणी

नागपूरहून रस्त्याने चंद्रपूरला निघालो की चंद्रपूरच्या अलीकडे साधारण पंचवीस किलोमीटरवर भद्रावती लागतं. जुन्या कागदांत याचंच नाव भांदक. इथल्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत: एक खोदीव वाट सरळ डोंगरात शिरते, शेवटी गाभारा, त्यात बसलेला बुद्ध, आणि वाटेला काटकोनात दोन्ही बाजूंना आणखी दालनं. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात मोजलं तेव्हा मुख्य वाट ७१ फूट भरली.

एकाहत्तर फूट म्हणजे काय मोठंसं? पण लख्ख उन्हातून आत गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि आपण तर दोन मिनिटांत पुढे सरकतो. म्हणून पाच मिनिटं तरी तोंडाशीच थांबायचं, हे आखणीतलं पहिलं कलम.

आता थोडं शास्त्र. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. वैशेषिक म्हणतात, अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, छे, तो द्रव्य आहे. काळा दिसतो, सरकताना दिसतो. तर्कात आम्ही वैशेषिकांकडे झुकतो. पण आखणी करताना मीमांसकांचं ऐकावं हे बरं! अंधार रिकामा आहे असं धरलं की माणूस एकच टॉर्च घेतो आणि बेधडक आत शिरतो. तिथे काहीतरी आहे असं धरलं, तर माणशी दोन टॉर्च घेतो, वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीसाठी नाकाला मास्क बांधतो आणि कधी परतणार ते गावात सांगून जातो.

आणि ‘काहीतरी’ हे इथे कल्पनेतलं नाही. विजासन वस्तीला लागून आहे. पुढे ताडोबाच्या बाजूला किंवा गडचिरोलीच्या रानात मात्र बिननावाच्या कपारी अस्वलं विसाव्याला वापरतात. अस्वलाची मादी बहुधा थंडीच्या सुमाराला पिलं घालते आणि काही आठवडे त्यांच्यासोबत बिळात राहते. म्हणजे बघा, उन्हाळा भाजून काढतो, पावसात दगड निसरडे, म्हणून आपण जो सुखाचा हंगाम निवडतो, नेमका तोच तिचा बाळंतपणाचा. अशा कपारीत शिरायचं की नाही, हे धाडसावर ठरवायचं नाही. वनविभागाची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या असल्याशिवाय रानात जायचंच नाही. आणि वाटाड्या कपारीपाशी ‘नको’ म्हणाला, तर कारण परत आल्यावर विचारायचं.