स्वतःची गाणी: रॉक मशीन ते इंडस क्रीड

१९८९ साली दादरच्या मावसभावाने एक कॅसेट पाठवली. सीबीएसची. नाव 'रॉक एन रोल रेनेगेड'. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ती लावली तेव्हा मी धरूनच चाललो होतो की हा अमेरिकेतला कुठला तरी नवा बँड असणार. मग नावं कळली. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. हे तर मुंबईचे! रात्री जेवणं झाल्यावर मी ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

त्यांचा बँड रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्या काळी आपल्याकडे रॉक बँड म्हणजे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. लेड झेपेलिन, डीप पर्पल, व्हॅन हेलन यांतलं जे जितकं मूळ रेकॉर्डसारखं वाजेल तितक्या टाळ्या. कॉलेजच्या महोत्सवात कुणी स्वतःचं गाणं सुरू केलं की पोरं ओरडून ओळखीच्या गाण्याची फर्माईश करायची. पुण्यातही हेच. आमच्या इंजिनिअरिंगच्या बँडने चार वर्षांत स्वतःचं एकही गाणं वाजवलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असं आम्हाला वाटलंही नाही. रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. मला ही गोष्ट आजही फार मोठी वाटते. गाणी चांगली होतीच, पण ती ऐकून घ्यायला कुणी तयार नसताना त्यांनी ती लिहिली.

या अल्बमच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गन्स एन रोझेसचा पहिला अल्बम आला होता. त्यांच्या शहरात रोज रात्री हार्ड रॉक वाजवणाऱ्या क्लबांची एक अख्खी रांग होती. इथे काय होतं? कॉलेजचे महोत्सव, आणि धोबी तलावचं उघडं रंगभवन. तिथल्या इंडिपेंडन्स रॉकसाठी, १९८६ पासून भरणाऱ्या त्या मैफलीसाठी, पुण्याहून पोरं जायची आणि परतीची गाडी मिळेपर्यंत व्हीटीच्या फलाटावर बसून राहायची. परदेशी गिटार म्हणजे भरमसाट जकात, किंवा मग परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला घातलेली गळ. आमच्याकडे कोलकात्याची गिवसन होती. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच, की तासाभरात बोटांची सालं निघायची.

त्या गिवसनवर मी रॉक मशीनच्या गाण्यांतले पॉवर कॉर्ड बसवत होतो. हार्ड रॉकचा सगळा दणका या कॉर्डमध्ये असतो, आणि त्यात स्वर असतात फक्त दोन. माझी आत्या गाणं शिकलेली. ती शेजारच्या खोलीत तानपुरा लावत होती. मध्येच थांबून दारात आली आणि म्हणाली, "अरे, हा तर सा-प आहे. गंधार कुठे गेला?"

तिने नेमकं ओळखलं होतं. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचम, गंधार गाळलेला. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ताण दिला की आवाज चेपला जातो आणि त्यातून कितीतरी नवे उपस्वर बाहेर पडतात. गंधार ठेवला तर ते एकमेकांशी भांडतात, सगळा चिखल होतो. सा आणि प मात्र इतके सख्खे, की तेवढ्या गोंगाटातही ते एकजीव राहतात. हाताच्या कडेने तारा किंचित दाबून धरल्या की तोच कॉर्ड तुटक, ठोक्यासारखा वाजतो. आत्या ते पाच मिनिटं उभी राहून ऐकत होती.

दुसरा अल्बम 'द सेकंड कमिंग' १९९० चा. मग उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही घराघरांत दिसू लागला, आणि त्यावर त्यांचं 'प्रिटी चाइल्ड' लागायचं. जगभरच्या बँडांच्या रांगेत आपली माणसं दिसायची. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं. मला हा बदल तेव्हा खटकला होता, आज पटतो. रॉक मशीन हे नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडचं असू शकतं, आणि यांना आता तसं राहायचं नव्हतं. १९९५ च्या 'इंडस क्रीड' अल्बममध्ये जुनी आडदांड धाव कमी झाली, ठेहराव आला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम.

पण वेळ चुकली. त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' घरोघरी वाजत होतं. कंपन्यांना हिंदी पॉप हवं होतं, आणि इंग्रजीत गाणाऱ्या बँडमागे पैसा लावायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गिटारिस्ट जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा बँड उभा केला. पुढे रंगभवनही शांतता क्षेत्राच्या नियमाखाली गप्प झालं. आजूबाजूला इस्पितळं, शेजारी कॉलेज. नियम योग्यच, पण मुंबईने त्याच्या बदल्यात तशी दुसरी जागा दिली नाही याचं मला वाईट वाटतं.

मग २०१० उजाडलं. त्या डिसेंबरात पुण्यात एनएच७ वीकेंडर हा महोत्सव पहिल्यांदा भरला. सवाई गंधर्व महोत्सवाच्या गावात आता पोरं तिकीट काढून भारतीय बँडांची स्वतःची गाणी ऐकत होती, शब्दांसकट पाठ म्हणत होती. त्याच वर्षी इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे दोघे. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. त्याचं मिक्सिंग टिम पामरने केलं, पर्ल जॅमच्या 'टेन'चं करणाऱ्यानेच. गाणी लांबली होती, ताल वळणं घेत होते, आणि तिनईकरांची गिटार एकेका स्वरावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबत होती.

तो अल्बम मी आत्याकडे नेला. ऐंशीच्या घरात होती, ऐकू कमी यायचं. मी स्पीकर तिच्या खुर्चीजवळ ठेवला. पहिलं गाणं संपेपर्यंत ती बोलली नाही, फक्त उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर हलत होती, तानपुऱ्याची तार छेडावी तशी.